आपल्या मार्गावरची बस खरंच कोण चालवतं? शोधायचं कसं, जाब कुणाला विचारायचा

मुंबईत बसच्या अंगावर ‘बेस्ट’ लिहिलेलं असतं. तिकिटाचे पैसे बेस्टकडे जातात, मार्ग आणि वेळापत्रक बेस्ट ठरवते, बहुतेक वेळा वाहकही बेस्टचा असतो. गाडी मात्र हल्ली बहुधा ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, दुरुस्ती आणि विमाही त्याचाच. याला सगळे ‘वेट लीज’ म्हणतात. तेव्हा ‘बससेवा सरकारी असावी की खाजगी’ असं कुणी मला विचारलं, तर मी उलट विचारते: बसचा कुठला भाग? कारण एकाच गाडीत दोन्ही आहेत, आणि प्रवाशाची फरफट होते ती दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा.

मी नोकरीभर एका सरकारी कार्यालयात ठेकेदारांची बिलं तपासली. करार हातात आला की आधी दर कुठे आहे आणि दंडाचं परिशिष्ट कुठे आहे ते बघायचं, ही सवय तिथली. निवृत्तीनंतर चेंबूरला थांब्यावर उभं राहून, शेजारपाजारच्या लोकांना सोबत घेऊन, तीच सवय बसला लावली. त्यातून जी पद्धत बसली ती इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण मुंबईचं आहे, पण पुणे, नागपूर, ठाणे, नवी मुंबई इथेही थोड्या फरकाने ती चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते. खाजगी बस म्हणजे हल्लीचं काही खूळ नव्हे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही मुंबईतली पहिली बस धावली ती खाजगी कंपनीचीच. ७ ऑगस्ट १९४७ ला ती कंपनी महापालिकेकडे आली. पुण्यातही १९५० साली महापालिकेची पीएमटी येण्याआधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स नावाची कंपनी बस चालवत होती. दोन्ही शहरांनी विचार करून बस आपल्या ताब्यात घेतली होती, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिलं काम: पाच प्रश्नांची उत्तरं मिळवा

गाडी कोणाची? चालकाला पगार कोण देतं? तिकिटाचे पैसे कोणाच्या खिशात जातात? मार्ग आणि वेळ कोण ठरवतं? रात्री गाडी उभी राहते ती जागा कोणाची? ही पाच उत्तरं कागदावर लिहिली की तुमच्या मार्गावर नेमकं काय खाजगी आहे ते दिसतं.

थोडं थांब्यावरच कळतं. नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी असली तर गाडी इलेक्ट्रिक आणि व्यावसायिक नोंदणीची. मुंबईत अशी बस जवळजवळ नेहमी ठेक्याची असते. चालक आणि वाहक यांचे गणवेश आणि बिल्ले वेगळे आहेत का ते बघा. काही करारांत वाहकसुद्धा ठेकेदाराचा असतो, त्यामुळे गृहीत धरू नका, विचारा. वाहक सांगतात. गाडीचा नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये टाकला तर फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती दिसतात. मी हे प्रत्येक नव्या नंबरला करते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरं: पैसा कशाचा मिळतो ते समजून घ्या

सगळं इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

ठेकेदाराला पैसे तिकिटाचे मिळत नाहीत, किलोमीटरचे मिळतात. समजा दर किलोमीटरला ६० रुपये ठरला आणि गाडी दिवसाला १८० किलोमीटर धावली, तर १०,८०० रुपये. गाडीत ऐंशी माणसं असोत की आठ, रक्कम तीच. शिवाय करारात बहुधा हमीचे किलोमीटर असतात: बेस्टने तेवढं काम दिलं नाही तरी ठरलेला हिस्सा द्यावाच लागतो. आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत रिकाम्या गाडीने जे अंतर कापलं जातं, ते मोजायचं की नाही हेही करारातच लिहिलेलं असतं.

आता चालकाच्या जागी बसून विचार करा. थांबा टाळून गाडी पुढे काढली तर त्याच्या मालकाचं एका पैशाचंही नुकसान नाही. उलट फेरी वेळेत पुरी होते. माणसं मुद्दाम वाईट असतात असं नाही, हिशोब तसा बांधलेला आहे. म्हणून या पद्धतीत दंडाचं परिशिष्ट हाच कराराचा जीव. थांबा टाळला, दार बिघडलं, एसी बंद, फेरी रद्द, गाडी अस्वच्छ: प्रत्येकाला किती कपात, ती कोणी नोंदवायची, कोणत्या पुराव्यावर. नोंदवणारा माणूसच नसेल तर परिशिष्ट नुसता कागद.

याच्या उलट पद्धत म्हणजे परवाना घ्या, गाडी चालवा, भाडं तुमचं. दिल्लीत ब्लू लाइन बस अशा चालायच्या. जास्त माणसं म्हणजे जास्त पैसे, म्हणून थांब्यावर पुढच्या गाडीच्या आधी पोहोचायची शर्यत लागायची, आणि त्यात माणसं चिरडली जायची. शेवटी त्या बस बंद कराव्या लागल्या. गोव्यात अजूनही बहुतेक खाजगी बस परवान्यावर आहेत. तिथे ‘गाडी भरल्याशिवाय हलत नाही’ आणि ‘रात्री आठनंतर बसच नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच मुळातून येतात: रिकामी फेरी मालकाच्या अंगावर पडते.

तिसरी पद्धत म्हणजे सगळंच उपक्रमाचं, म्हणजे बेस्टसारख्या सरकारी संस्थेचं. गाडी आपली, चालक आपला, पगार ठरलेला. इथे थांबा टाळण्यात कुणाचा फायदा नाही आणि रिकाम्या फेरीची भीती नाही. अडचण येते ती नवी गाडी घ्यायला पैसा नसतो तेव्हा. बेस्टचं तेच झालं. पूर्वी वीज विभागाच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघायचा, ते दार बंद झालं. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवसांचा संप झाला. जूनमध्ये कामगार संघटनेशी करार झाला, त्यात स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवायचं कबूल केलं गेलं, आणि त्याच वेळी भाड्याच्या गाड्यांचा मार्ग मोकळा झाला. पुढे जुन्या गाड्या भंगारात गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आल्या नाहीत, आणि बेस्टच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली गेल्या. हे मला मनापासून लागलेलं आहे. कबूल केलेला आकडा लेखी आहे, तो सतत समोर ठेवायला हवा.

तिसरं: थांब्यावरची वही

‘बस येतच नाही’ या तक्रारीला कुणी उत्तर देत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. वही घ्या. एक थांबा, एक मार्ग, एकच दिशा. सकाळी आठ ते दहा, किंवा तुमची जी वेळ असेल ती, पण रोज तीच. आठवडाभर पुरतं. एकट्याने करू नका. तिघांनी दिवस वाटून घेतले की कंटाळा येत नाही.

प्रत्येक बसला एक ओळ: वेळ, गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, थांबली की नाही, गर्दी कशी, काही बिघाड. आमच्या वहीत ओळ अशी असते: ‘८.१७ – ४४०६ – थांबली – दारात माणसं – एसी बंद.’ बस.

त्या चार आकड्यांत खरी गंमत आहे. तीच गाडी त्याच दिशेने पुन्हा किती वेळाने आली ते बघा. ४४०६ पहिल्यांदा ८.१७ ला आणि नंतर ९.५७ ला दिसली, म्हणजे पूर्ण फेरी शंभर मिनिटांची. या शंभर मिनिटांत वेगवेगळे नंबर किती दिसले? पाच. म्हणजे मार्गावर पाच गाड्या आहेत, आणि सरासरी वीस मिनिटांना एक बस यायला हवी. वेळापत्रकात दर बारा मिनिटांनी बस लिहिली असेल, तर आठ-नऊ गाड्या लागतात. तीन-चार गाड्या आगारातून बाहेरच पडल्या नाहीत.

पण समजा पाचही गाड्या आहेत, फक्त दोन एकदम येतात आणि मग चाळीस मिनिटं काहीच नाही. तेव्हा गाड्या पुरेशा आहेत, त्यांना अंतराने सोडणारं आणि मधे आवरणारं कुणी नाही. पहिल्या प्रकारात गाडी कमी पडली, तो ठेकेदाराच्या बिलातून कपातीचा विषय. दुसऱ्यात नियंत्रण सुटलं, आणि नियंत्रण बेस्टचं काम आहे. रस्ता खणलेला असेल तर महापालिकेचं. थांब्यावर उभ्या माणसाला दोन्हीत सारखाच उशीर होतो, म्हणून वहीशिवाय हा फरक कळत नाही.

ॲपवर बस जिथे दिसते त्याचा स्क्रीनशॉटही ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. वहीतली डोळ्यांनी पाहिलेली ओळ भारी पडते.

चौथं: दार कुठलं ठोठवायचं

नियम एकच. ठेकेदाराला पत्र लिहू नका. तुमचा त्याच्याशी करार नाही, तुमचं तिकीट बेस्टचं आहे. पत्र नेहमी उपक्रमाला, आणि त्यात मागणी अशी: ‘ही फेरी रद्द झाल्याची नोंद करून कराराप्रमाणे कपात करावी आणि कळवावं.’ ‘कारवाई करावी’ असं लिहिलं की ‘सूचना दिल्या आहेत’ असं उत्तर येतं. कपात ही हिशोबाची गोष्ट आहे, ती झाली किंवा नाही झाली.

पहिलं पत्र आगार व्यवस्थापकाला, वहीच्या पानाची प्रत जोडून, पोच घेऊन. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर महाव्यवस्थापकांना, कुलाब्याला. नगरसेवकांना प्रत द्याच. बेस्ट समिती महापालिकेची समिती आहे, तिथे प्रश्न विचारला गेला की अधिकाऱ्यांना आकडे घेऊन बसावं लागतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासक होते, समितीच नव्हती. ठेक्यांचं प्रमाण वाढत असताना विचारणारं कुणी नसणं, याचं नुकसान मोठं आहे.

भाड्याबद्दल म्हणाल तर तो निर्णय बेस्ट, महापालिका आणि महानगर परिवहन प्राधिकरण असा फिरून येतो. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये झालं होतं, ९ मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ झालं. ठेकेदाराचा त्याच्याशी काही संबंध नाही, वाहकाशी तर नाहीच. त्याच्यावर चिडू नका.

पाचवं: माहितीचा अधिकार, नेमक्या शब्दांत

हा भाग लोक घाईने करतात आणि फसतात. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये ‘माहिती’ची जी व्याख्या आहे तिच्यात करार आणि लॉगबुक हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहेत. तेव्हा ‘करार देता येत नाही’ हे पहिल्या फटक्याला मान्य करू नका.

महाराष्ट्रात अर्जात एकच विषय हवा आणि तो १५० शब्दांत बसायला हवा. म्हणून एक अर्ज फेऱ्यांचा, दुसरा कराराचा, तिसरा दंडाचा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. फेऱ्यांचा अर्ज मी असा लिहिते:

‘मार्ग क्रमांक अमुक. कालावधी: १ ते ३१ तारीख, महिना आणि वर्ष. या कालावधीत (१) वेळापत्रकानुसार ठरलेल्या फेऱ्यांची दिवसवार संख्या, (२) प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्यांची दिवसवार संख्या, (३) रद्द झालेल्या फेऱ्यांच्या नोंदवहीच्या प्रती.’

बघा, यात ‘का’ कुठेही नाही. ‘फेऱ्या का रद्द झाल्या’ असं विचारलं की माहिती अधिकारी सरळ लिहितो, कारणमीमांसा देणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही. आणि त्याचं ते बरोबर असतं. नोंदवही मागितली की कारणाचा रकाना आपोआप येतो.

दंडाच्या अर्जात त्या महिन्याच्या ठेकेदाराच्या बिलाची प्रत आणि केलेल्या कपातीचा बाबवार तपशील मागा. बिल हाती आलं की तीन आकडे शोधा: मागितलेले किलोमीटर, मंजूर किलोमीटर, कपात. तुमच्या वहीत रोज तीन गाड्या कमी दिसतात आणि कपात शून्य आहे, तर तुमच्या हाती काय लागलंय ते वेगळं सांगायला नको. आयुष्यभर बिलं पाहिल्यावर सांगते, कपातीचा रकाना कोरा असलेलं बिल सगळ्यात आधी बाजूला काढायचं.

कराराच्या अर्जाला ‘व्यापारी गोपनीयता, कलम ८(१)(घ)’ असं उत्तर येऊ शकतं. पहिल्या अपिलात लिहा की निविदेतून ठरलेला आणि सार्वजनिक पैशातून दिला जाणारा दर गुपित असू शकत नाही, आणि त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे. उत्तरासाठी ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारीख चुकल्याने चांगली प्रकरणं मेलेली मी पाहिली आहेत.

प्रती जास्त असतील तर कागदपत्रं पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास मोफत असतो.

चालकाबद्दल विचारायलाच हवं

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात, एस. जी. बर्वे मार्गावर, ठेक्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं गेली. मी त्या रस्त्याने भाजी आणायला जाते. त्यानंतर आमच्या कराराच्या अर्जात एक कलम कायमचं आलं: नव्या प्रकारची गाडी चालवायला देण्याआधी चालकाला किती दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं असं करारात लिहिलं आहे, आणि ते झाल्याच्या नोंदीची प्रत. क्लच-गिअरची गाडी वर्षानुवर्षं चालवलेल्या माणसाला बारा मीटरची ऑटोमॅटिक बस देताना दिवस मोजून शिकवायला हवं, आणि शिकवल्याचा कागद हवा.

दुसरं, पगार. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्याच्या चालकांनी काम बंद केलं आणि मुंबईकरांचे दिवसचे दिवस हाल झाले. त्यांची मागणी बेस्टच्या कायम चालकांच्या बरोबरीने वेतनाची होती. एकाच मार्गावर, एकच खड्डे चुकवत, पुढची गाडी चालवणाऱ्याला आणि मागची चालवणाऱ्याला वेगळा पगार, हे मला कोणत्याही हिशोबात बसवता येत नाही. कंत्राटी कामगाराचा पगार थकला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे ठेका देणाऱ्या संस्थेवर येते, हे कामगार कायद्यात आहे. चालक तुम्हाला पगाराबद्दल बोलला तर त्याला एवढं जरूर सांगा.

अपघातात कुणी जखमी झालं तर ‘गाडी आमची नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं आहे की भाड्याने घेतलेल्या बसचा चालक महामंडळाच्या वाहकाच्या हुकमाखाली चालत असेल, तर नुकसानभरपाईची जबाबदारी महामंडळावर येते. २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अशा बसच्या विमा कंपनीलाही जबाबदार धरलं. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करताना उपक्रम, गाडीमालक आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेवढ्यात वकील गाठा.

‘खाजगी स्वस्त पडते’ असं कुणी म्हणालं तर

एक कोरा कागद घ्या आणि दोन रकाने करा. बेस्टच्या गाडीचा किलोमीटरचा खर्च सांगताना त्यात निवृत्तांची देणी, कार्यालयांचा खर्च, आगारांची देखभाल हे सगळं धरलेलं असतं. ठेक्याच्या दरात यातलं काय आहे? आगाराची जमीन बेस्टची, वाहकाचा पगार बेस्टचा, थांबे बेस्टचे. वीज कोण भरतं ते करारात बघा. अनुदान कुणाला मिळालं तेही: केंद्राच्या फेम-२ योजनेतून मुंबईसाठी ३४० इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्या, तो पैसाही जनतेचाच. हे सगळं दुसऱ्या रकान्यात मांडल्यावर जो फरक उरतो त्यावर बोला. बहुतेकदा तो फरक चालकाच्या पगारातून निघालेला असतो. तसं असेल तर त्याला मी बचत म्हणणार नाही.

नवी गाडी घ्यायला शहराकडे पैसा नसताना भाड्याने घेण्यात काही गैर नाही, असं माझं मत आहे. पण निम्म्या गाड्या, आणि सगळे चालक, उपक्रमाचे असावेत. ठेकेदार गाड्या उभ्या करून निघून गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शहर चालू ठेवता आलं पाहिजे. मुंबईत ठेकेदारांनी मधेच काम सोडल्याचे प्रसंग घडलेले आहेत, त्यामुळे ही भीती पोकळ नाही.

बेस्टचा अर्थसंकल्प दरवर्षी ऑक्टोबरात मांडला जातो. तुमची वही, बिलांच्या प्रती आणि दोन रकान्यांचा कागद सप्टेंबरातच नगरसेवकांच्या हातात द्या, म्हणजे त्यांना वाचायला वेळ मिळतो. पुण्यात पीएमपीएमएल ही कंपनी आहे. तिची मालकी पुणे महापालिकेकडे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडकडे ४० टक्के, तोटाही बहुतांशी त्याच प्रमाणात वाटला जातो. तिथे माहितीचा अर्ज कंपनीला करा आणि पत्राची प्रत दोन्ही महापालिकांना द्या. नागपुरात ‘आपली बस’ महापालिकेच्या वतीने ठेकेदार चालवतात, तिथे पत्र महापालिकेच्या परिवहन विभागाला. ठाण्यात आणि नवी मुंबईत परिवहन उपक्रम महापालिकांचेच आहेत, तिथे वरचीच पद्धत, फक्त पत्ते बदलायचे.